अठरा पैशांचा परिग्रह

निपाणीच्या पारिसा मगदूम सरांनी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सुमारे चारशे लोकांसमोर माईकवरून जाहीर केलं की आपल्याकडे सात क्रेडिट कार्डं आहेत. घरून निघताना त्यांच्या मनात असं काही नव्हतं. ते वांगी सोडायला गेले होते.

चातुर्मासात मुनिमहाराज गावात मुक्कामी असले की रविवारच्या प्रवचनानंतर नियम घ्यायची पद्धत आहे. ज्याला जे सोडायचं ते त्यानं उभं राहून सांगायचं, महाराजांचा आशीर्वाद घ्यायचा, आणि दिवाळीत महावीर निर्वाणाच्या सकाळी त्याच मंडपात उभं राहून नियम पाळला की नाही तेही सांगायचं. वांग्याची निवड सरांनी विचार करूनच केली होती. लहानपणापासून ते वांगं खात नव्हते.

पण त्या दिवशी प्रवचनाचा विषय परिग्रह होता. गरजेपेक्षा जास्त बाळगलेलं सगळं म्हणजे परिग्रह, आणि तो माणसाला खाली ओढतो, असं महाराज तासभर सांगत होते. त्यात सरांच्या आधी माईक गेला तो तंबाखूच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे. त्यांनी चहा सोडला. रोज अकरा कप पिणारा माणूस. मंडपातून असा काही "वा" आला की माईक हातात येईपर्यंत सरांना वांगं फारच किरकोळ वाटू लागलं.

"माझ्याकडं सात क्रेडिट कार्डं हायत," सर म्हणाले. "आजपासनं त्यावर एक रुपया खर्चणार न्हाय, आन निर्वाणाच्या दिवसापर्यंत एक बी ठेवणार न्हाय."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उंचावून आशीर्वाद दिला. "वा" मात्र आला नाही. चारशे माणसं मनातल्या मनात एकच हिशेब करत होती, आणि तो हिशेब ऐकू येत होता. बायकांच्या बाजूला बसलेल्या राजमतीचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, हिशेब जरा निराळा होता. तिला तीनच कार्डं ठाऊक होती.

मंडपाबाहेर, चपला शोधताना, मंदिर ट्रस्टचे अध्यक्ष सन्मतीअण्णा चौगुले भेटले. आठच दिवसांपूर्वी त्यांनी सरांना ट्रस्टचं खजिनदारपद देऊ केलं होतं. पी.यु. म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं हिशेबशास्त्र शिकवणारा माणूस सोडून दुसरं कोण, असं ते तेव्हा म्हणाले होते.

"सर, ते खजिनदाराचं," अण्णा चपलेत पाय घालत म्हणाले, "निर्वाणाच्या दिवशी बघू आपण. घाई काय हाय?"

सरांना घाई होती. ट्रस्टचं लेटरहेड छापायला टाकलंय का, हे ते छापखान्यात दोनदा विचारूनही आले होते.

एका सभ्य माणसाकडे सात कार्डं येतात कशी, असा प्रश्न कुणाला पडेल. सरांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. त्यांचे विद्यार्थी. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत बँकांमध्ये चिकटली होती, आणि दर मार्चमध्ये त्यातलं एखादं पेढे घेऊन दारात उभं राहायचं. "सर, टार्गेट हाय. एकच कार्ड कमी पडतंय." पाया पडलेल्या पोराला रिकाम्या हातानं पाठवणं सरांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय कार्ड आजन्म फुकट असायचं.

फुकट कार्डांवरचा खर्च मात्र फुकट नव्हता. एकाचं बिल भरायला सर दुसऱ्यातून पैसे मोबाइलच्या वॉलेटमध्ये घ्यायचे, वॉलेटमधून खात्यात, खात्यातून पहिल्याला. दुसऱ्याची तारीख आली की तिसरं. याला ते रोकड प्रवाहाचं नियोजन म्हणत. सात रंगांत काढलेला त्याचा तक्ता भिंतीवरच्या जैन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला डकवलेला होता. तिथी बघायला कॅलेंडर कुणी उलटं करत नाही, हा त्यातला मुख्य विचार.

त्या दुपारी राजमतीनं कॅलेंडर उलटं केलं.

"मला तीन ठाऊक हुती," ती म्हणाली.

"बाकीची चार तशी वापरात न्हायत फारशी."

"फारशी म्हंजे किती?"

सर कॅलेंडर पुन्हा सुलटं करू लागले. पण ऐकायला त्यांची थोरली बहीण त्रिशलाक्का आधीच स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. बोरगावहून ती आठ दिवसांसाठी आली होती. आता हा नियम तडीस गेल्याशिवाय हलायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं, आणि ते पाळलंही.

"आपल्या आप्पांनी जन्मात कुणाचं पाच रुपय ठेवलं न्हाईत रं, पारिसा," ती म्हणाली. "आन तू सातांचं ठेवलास?"

"आक्का, हे कर्ज न्हाय. ही उधारीची सवलत हाय. पन्नास दिवस बिनव्याजी."

"आन एक्कावन्नाव्या दिवशी?"

हे शोधायला शेजारच्या दीपंकर कांबळेला बोलावलं. दीपंकर बेळगावात एका बँकेत अधिकारी होता, रोज बसनं जाऊन येऊन करायचा. सरांचा विद्यार्थी, आणि सरांना कार्ड न विकलेला बहुधा एकमेव. त्यानं तक्ता दहा मिनिटं बघितला. मधे एकदा चष्मा पुसला.

"सर, तुम्ही सगळीकडं किमान देय तेवढंच भरताय. राहिलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के लागतंय. साधं धरलं तरी वर्षाला बेचाळीस."

"ते ठाऊक हाय मला."

"ठाऊक असणारच की. पी.यु.ला तुम्हीच शिकवलंय आम्हाला. त्यावर चार मार्कांचा प्रश्न असायचा."

"एकूण किती?" राजमतीनं विचारलं.

"दोन लाख तेरा हजार सहाशे चाळीस," दीपंकर म्हणाला. "आजची तारीख धरून."

राजमती आत गेली आणि सौहार्द सहकारी सोसायटीची ठेवपावती घेऊन आली. दोन लाख वीस हजार. जानेवारीत त्रिशलाक्काबरोबर सम्मेद शिखरजीच्या यात्रेला जायचं म्हणून अकरा वर्षं साठवलेले. सरांनी पावती घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दीपंकरच्या हातात दिली.

"बेचाळीस टक्के जात्यात आन मला आठ मिळत्यात. मोडूया ठेव. दर महिन्याला नऊ हजार माझ्या हातात द्यायचे. सोसायटीनं दिलं असतं तेवढं व्याज वेगळं."

"घरातल्या घरात व्याज?" सर दुखावले.

"बाहेर देताना तर हसत देत हुतासा."

आठवड्याभरात सातही कार्डांची देणी शून्य झाली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण देणं फेडणं आणि कार्ड बंद करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हिशेबशास्त्राच्या पुस्तकात नाही.

आधी गल्ली आडवी आली. सरांची कार्डं बंद होणार ही बातमी लोकांनी दुकान मोडीत निघाल्यासारखी घेतली. कोपऱ्यावरचे किराणावाले कल्लाप्पा सकाळीच दारात हजर.

"सर, फेकूनच देणार हायसा म्हणं. त्याच्या आधी एक फ्रीज घिऊ का त्यावर? हप्त्याला व्याज न्हाय म्हणत्यात."

"कल्लाप्पा, मी नियम घेतलाय. खर्च करायचा न्हाय."

"खर्च तुमचा कुठं? माझा हाय की. कार्ड तेवढं तुमचं."

अशा तर्काचे आणखी चौघे येऊन गेले. एक तर मुलीच्या लग्नातल्या मंडपाच्या खर्चाची यादी घेऊन आला होता. सर प्रत्येकाला परिग्रह समजावून सांगत. लोक मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "लिमिट किती हाय पण?"

बँकांनाही तो प्रश्न पडला असावा. सरांनी बंद करण्याचा अर्ज केला की तिकडून उत्तर यायचं, आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात, आपली मर्यादा वाढवली आहे. निळं कार्ड ऐंशी हजारांवरून एक लाख चाळीस हजारांवर गेलं. परिग्रह सोडायच्या पहिल्याच महिन्यात तो पावणेदोनपट झाला, हे सरांनी घरात सांगितलं नाही. कॅलेंडरमागं मात्र आता राजमती रोज बघायची.

तरीही सप्टेंबरअखेर सहा कार्डं बंद झाली. एकेक कार्ड त्रिशलाक्का अडकित्त्यानं कातरायची. सुपारी कातरताना चेहऱ्यावर असते तशीच शांती तिच्या चेहऱ्यावर दिसायची. उरलं फक्त निळं, आणि त्याच्यावर अकरा हजार चारशे बक्षीस पॉइंट शिल्लक होते.

"बंद केलं की हे जाणार?" राजमतीनं विचारलं.

"जाणार."

"मग आधी काय तरी घ्या की त्याचं. खर्च थोडाच हाय तो? बक्षीस हाय."

सरांनाही हे पटलं. पॉइंटांच्या यादीतून त्यांनी 'पुरुषांसाठी आकर्षक भेटसंच' निवडला. नऊ दिवसांनी खोकं आलं. आत एक पेन होतं आणि अस्सल चामड्याचं पाकीट. अस्सल हा शब्द पाकिटावर तीन ठिकाणी होता.

त्रिशलाक्कानं खोक्याकडं बघितलं, मग सरांकडं, आणि पाणी शिंपडायला तांब्या आणायला आत गेली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणाऱ्या घरात चामड्याचं पाकीट आलं होतं, तेही परिग्रह कमी करण्याच्या नादात. सरांनी ते त्याच दिवशी स्वखर्चानं परत पाठवलं. पत्ता अपुरा म्हणून ते निपाणीच्या कुरिअर कार्यालयात परत आलं आणि अजून तिथंच आहे. ते घ्या म्हणून अधूनमधून फोन येतो. सर उचलत नाहीत.

पाकीट गेलं, पण बिल आलं. पॉइंट वटवण्याचं शुल्क नव्व्याण्णव रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण एकशे सोळा रुपये ब्याऐंशी पैसे.

नियम मोडला की नाही, यावर भर दुपारी सोप्यात बैठक बसली. दीपंकरचं म्हणणं, हे शुल्क आहे, खर्च नव्हे. त्रिशलाक्काचं म्हणणं, कार्डाला हात लावला का नाही एवढंच सांग. कल्लाप्पा सहज आले होते. ते म्हणाले, नियम मोडलाच असला तर मग फ्रीजचं बघूया की. शेवटी सर महाराजांकडे गेले आणि एक दिवसाच्या उपवासाचं प्रायश्चित्त घेऊन आले.

आणि बिल भरलं. इथं सरांनी आयुष्यातली सर्वांत लहान आणि सर्वांत महाग चूक केली. ब्याऐंशी पैसे दिसायला बरे दिसेनात, म्हणून त्यांनी सरळ एकशे सतरा रुपये भरले.

दुसऱ्या दिवशी बंद करण्याचा अर्ज परत आला. शिल्लक शून्य नाही.

बँकेशी बोलायला सरांना वेळ मिळायचा तो कॉलेज सुटून घरी आल्यावर, पाचनंतर. हे घर सूर्यास्तानंतर जेवत नाही. आणि ऑक्टोबरात सूर्य दिवसाला अर्धा-पाऊण मिनिट लवकर बुडतो. त्या दिवशी कॅलेंडरात सूर्यास्त सहा चौदाचा होता. फोन लागला तेव्हा पाच पन्नास. हिंदीच्या रांगेत गर्दी असते म्हणून सरांनी कन्नडसाठीचा आकडा दाबला. वीणा वाजू लागली. राजमती ताट घेऊन उभी होती. खिडकीतून पश्चिम दिसत होती.

"हेळी सर," म्हणजे सांगा सर, असं अखेर सहा पाचला एक मुलगी म्हणाली. सरांनी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. पुढचं संभाषण मराठीत सांगायचं तर असं होतं.

"सर, आपले अठरा पैसे आमच्याकडे जमा आहेत. ते असेपर्यंत कार्ड बंद होत नाही."

"ठेवून घ्या तुम्ही."

"ग्राहकांचे पैसे आम्हाला ठेवून घेता येत नाहीत, सर."

"मग परत करा."

"शंभर रुपयांच्या आतली रक्कम परत करता येत नाही, सर."

"मग मी काय करू?"

"खर्च करा, सर."

"मी महाराजांसमोर नियम घेतलाय. या कार्डावर खर्च करणार नाही."

थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला. "सर, असा कुठलाही नियम आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही. थोडा वेळ थांबता का?"

वीणा पुन्हा सुरू झाली. सहा दहाला सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्याच क्षणी ती मुलगी परत आली.

"सर, आपला आवाज स्पष्ट येत नाही."

सरांनी घास तसाच गिळला, ठसका लागला, पाणी पिऊन होईपर्यंत सहा पंधरा झाले होते. राजमतीनं ताट आत नेलं.

हा फोन धरून बारा दिवसांत असं सात वेळा झालं. प्रत्येक वेळी नवी मुलगी, प्रत्येक वेळी अठरा पैशांचा इतिहास पहिल्यापासून, प्रत्येक वेळी ताट आत. सरांचं वजन चार किलोंनी उतरलं. गल्लीत बोलबाला झाला की मगदूम सर नियमासाठी एकवेळच जेवतात. देवळात बायका आपल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसून सर दाखवू लागल्या. आपण कस्टमर केअरमुळे उपाशी आहोत, हा खुलासा करावा असं सरांना दोन-तीनदा वाटलं. पण तशी वेळ जुळून आली नाही.

आठव्या फोनला एका मुलीनं वाट सांगितली. शंभरच्या आतलं परत होत नाही ना, मग वर जा. सरांनी लगेच कार्डात शंभर रुपये भरले. आता बँक त्यांचं शंभर रुपये अठरा पैसे देणं लागत होती. दिवाळीच्या दोन दिवस आधी पैसे खात्यात परत आले.

शंभर रुपये. वरचे अठरा पैसे नाहीत.

"सिस्टिम पूर्ण रुपयांतच परत करते, सर," नवव्या मुलीनं सांगितलं. "आणखी काही मदत करू शकते का?"

सर पलंगावर बसले. राजमती निर्वाणाच्या लाडवांसाठी बुंदी पाडत होती. झाऱ्यावरून नजर न उचलता ती म्हणाली, "शंभर कशाला भरलासा?"

"म्हंजे?"

"नव्याण्णव रुपय ब्याऐंशी पैसं भरायचं हुतं. अठरा मिळवून शंभर झालं असतं. पुरंच्या पुरं परत."

सोप्यात बसलेल्या दीपंकरनं चहाचा कप हळूच खाली ठेवला आणि छताकडं बघू लागला. सव्वीस वर्षं हिशेबशास्त्र शिकवलेल्या सरांनी तो हिशेब कागदावर करून बघितला. मग त्यांनी फोन लावला. परताव्याला सात कामकाजाचे दिवस लागतात, असं दहाव्या मुलीनं सांगितलं. निर्वाण परवा होतं.

निर्वाणाच्या पहाटे लाडू चढले आणि मंडप भरला. ऑगस्टमध्ये चारशे होते, आज सहाशे असतील. एवढ्या माणसांना सरांचं उपासानं उतरलेलं तोंड बघायचं होतं. तंबाखूचे व्यापारी उभे राहिले आणि चहाला स्पर्श केला नाही म्हणाले. ते गेले दोन महिने कॉफी पीत होते, पण ते कुणी विचारलं नाही. "वा" आला.

माईक सरांकडे आला. पहिल्या रांगेत सन्मतीअण्णा मांडीवर वही घेऊन बसले होते. सात कार्डं बंद झाली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. निळं कार्ड कुणी बघायला येणार नव्हतं. सरांनी घसा साफ केला.

"नमोस्तु महाराज. सातापैकी सहा बंद झाली. सातव्यानं मधे चूक घडवली, प्रायश्चित्त घेतलं. ते अजून चालू हाय. त्यावर माझं देणं काय न्हाय. बँकेकडनं मला अठरा पैसं येणं हाय."

मंडपात कुजबुज झाली. महाराजांनी मान किंचित वाकडी करून विचारलं, "येणं आहे? मग सोडून द्या."

"मी सोडलं, महाराज," सर कळवळून म्हणाले. "बँक सोडत न्हाय."

आधी महाराज हसले. मग मंडप हसला, आणि बराच वेळ हसत राहिला. पण ते हसू ऑगस्टमधल्या शांततेपेक्षा पुष्कळ बरं होतं, आणि सरांना वाटलं, जमलं. सन्मतीअण्णा उभे राहिले.

"पैशापैशाचा हिशेब चारचौघांत सांगणारा माणूस हाय हा," ते म्हणाले. "एकच इचारतो सर. दोन लाखाच्या वर देणं हुतं म्हणं; ते एकदम फेडलंसा कसं?"

रोकड प्रवाहाचं नियोजन, हे शब्द सरांच्या ओठांपर्यंत आले होते. समोर महाराज बसले होते. बायकांच्या बाजूला राजमती पदर सावरत दुसरीकडेच बघत होती.

"राजमतीनं यात्रेची ठेव मोडली," सर म्हणाले. "आन शंभर भरायच्या ऐवजी नव्याण्णव ब्याऐंशी भरायचं, हे बी तिनंच सांगितलं. पण मागनं."

"मग खजिनदार हिलाच करा की वो!" बायकांतून त्रिशलाक्काचा आवाज आला. तिला माईकची गरज नव्हती.

पुन्हा सगळा मंडप मनातल्या मनात हिशेब करू लागला, आणि पुन्हा तो ऐकू आला. या वेळी त्याला फार वेळ लागला नाही. अण्णांनी वहीत एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "वा" आला. तीन महिन्यांत ज्याची वाट बघितली होती तो हाच, हे सरांनी आवाजावरून ओळखलं.

त्या संध्याकाळी सर पावणेसहाला जेवून मोकळे झाले. दिवाळीमुळे बँकेचा फोन बंद होता. राजमती ट्रस्टच्या वह्या बाजूला ठेवून घरची वही घेऊन बसली. 'येणे' या रकान्यात दोन ओळी होत्या. पहिली बँकेची, शून्य रुपये अठरा पैसे. दुसरी पारिसा मगदूम, दोन हप्ते वजा जाता एक लाख पंच्याण्णव हजार सहाशे चाळीस, व्याज वेगळं.

तिनं पट्टी घेतली आणि पहिली ओळ सरळ रेघेनं खोडली.

"महाराज म्हणाले तसं बँकेचं सोडलं मी," ती म्हणाली.

सरांनी जरा आशेनं वहीकडं बघितलं. पट्टी दुसऱ्या ओळीवर आलीच नाही. राजमतीनं पेनाला टोपण लावलं.

"तुमचं न्हाय."